खंडेनवमीचा पिस्टन

अधारतालच्या चौकात माझ्या वडिलांनी भाजीच्या ठेल्याला मागून मोटरसायकल धडकवली, तेव्हा मी त्यांच्या मागे बसलेली होते. वेग फार नव्हता. कोणाला खरचटलंही नाही. ठेल्यावरचे चार दुधीभोपळे तेवढे रस्त्यावर उतरले. ते आम्ही विकत घेतले आणि पुढचा आठवडाभर निरनिराळ्या रूपांत खाल्ले.

यावरून घरात दोन पक्ष पडले. बाबांचं म्हणणं, ब्रेक लागला नाही. भोपाळला राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाचं, म्हणजे दादाचं म्हणणं, ब्रेकचा काही दोष नाही, शहात्तराव्या वर्षी हातच वेळेवर चालत नाही. आई कोणत्याच पक्षात नव्हती. तिला दुधी आवडत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं आणि ते तिने सात दिवस रोज मांडलं.

दादा तोंडाने भांडत नाही, व्यवस्था करतो. त्याने भोपाळमधूनच आमच्या शहरातल्या गढा भागातला एक किराणा दुकानदार शोधून काढला, ज्याला जुनी पण नीट ठेवलेली मोटरसायकल हवी होती. दसऱ्याच्या दिवशी गाडी घरी नेणं चांगलं, म्हणून तो महिनाभर थांबायलाही तयार होता. हे सगळं ठरल्यावर दादाने फोन करून बाबांना कळवलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत मी दाखवतो तुला, ब्रेकच खराब आहे म्हणून. खराब निघाला तर गाडी राहील. नाही निघाला तर घेऊन जाऊ दे त्याला." दादा म्हणाला, "मंजूर." आमच्या घरात इतका स्वच्छ करार त्याआधी कधी झाला नव्हता.

मग दादाने मला वेगळा फोन केला. "तू तर मागेच होतीस. तुला काय दिसलं?"

"ठेला दिसला," मी म्हणाले.

हे खरं होतं, पण पुरं नव्हतं. बाबांच्या उजव्या खांद्यावरून मला त्यांचा हातही दिसला होता. बोटं हँडलच्या मुठीभोवती घट्ट आवळलेली होती आणि समोर ब्रेकचा लिव्हर मोकळाच होता. ठेला जवळ आला, आणखी जवळ आला, तरी बोटं जागची हलली नाहीत. मी हे कोणालाच सांगितलं नाही. शाळेत मी पोरींना रोज खरं बोलायला शिकवते, पण ते नोकरीचं झालं.

न सांगण्याला कारण होतं. बाबा चाळीस वर्षं फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी ही डिस्क ब्रेकची मोटरसायकल घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता ते रिछाईतल्या एका लहान कारखान्यात जाऊन बसत. पगार नव्हता. खुर्ची होती. कारखान्यातले लोक काही अडलं की त्यांना विचारत, आणि नाही अडलं तरी ते सांगत. दुपारी एकला घरी येत तेव्हा त्यांच्या शर्टाला तेलाचा वास येई आणि ते दोन पोळ्या जास्त खात. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीतून तिकडे जायला धड ऑटोही मिळत नाही. गाडी गेली असती तर खुर्चीही गेली असती, आणि ते दिवसभर घरात आईच्या मागे मागे फिरून गॅसच्या शेगडीचे बर्नर उघडून बसले असते. मला त्याची भीती वाटत होती, म्हणून मी गप्प बसले. शिवाय ब्रेक खरोखरच खराब निघाला तर मी पाहिलं ते चुकीचं पाहिलं, असं मला स्वतःशी म्हणता आलं असतं.

बाबांनी विचार करायला तीन आठवडे घेतले आणि काम काढलं ते खंडेनवमीच्या सकाळी.

आमच्या घरात खंडेनवमीला झाडून सगळी अवजारं पूजेला बसतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत उठत नाहीत. मधल्या वेळात साधा खिळादेखील ठोकायचा नाही. माझे आजोबा नागपूरकडून इथे नोकरीला आले तेव्हा एक हातोडी आणि हा नियम बरोबर घेऊन आले. हातोडी हरवली, नियम राहिला. कॉलनीतल्या बाकीच्यांना याची गंमत वाटते. शेजारच्या दीदी दर वर्षी विचारतात की आज नळ गळायला लागला तर काय करणार, आणि आई दर वर्षी सांगते की गळू देणार.

"पूजा बारा वाजता आहे," बाबा म्हणाले. "एका तासाचं काम आहे. चल, बैस इकडे."

मी चटई घेऊन पोर्चमध्ये बसले. त्यांनी गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून सोडवला. कॅलिपर म्हणजे मुठीएवढा लोखंडी ठोकळा. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो. आपण लिव्हर दाबला की तेलाच्या जोराने तो बाहेर सरकतो, ब्रेकच्या पॅडना ढकलतो आणि पॅड फिरत्या डिस्कला दोन्हीकडून धरतात. इतकी वर्षं त्या गाडीवर बसत होते, पण हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी कॅलिपर तारेने वर टांगला, कारण नळीवर त्याचं वजन येऊ द्यायचं नसतं, आणि पॅड काढून माझ्या हातात दिले.

एक पॅड जवळजवळ नवा होता. दुसरा लोखंडापर्यंत झिजला होता. पिस्टनच्या कडेला काळ्या मळाचं जाड कडं बसलं होतं.

"पाहिलं?" बाबा म्हणाले. "हात का ब्रेक?"

"ब्रेक," मी म्हणाले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी न सांगता उठून चहा केला. झिजलेल्या पॅडचा फोटो काढून मी दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ओके. तरी पण." दादाच्या भाषेत ही अर्धी शरणागती असते.

चहा पिताना बाबांनी मला पुढचं काम समजावून सांगितलं. नवीन पॅड जाड असतात, म्हणून बाहेर आलेला पिस्टन पुन्हा आत ढकलायचा. मग त्याच्या मागचं तेल परत वर, हँडलवरच्या डबीत जातं. त्या डबीचं झाकण उघडून ठेवायचं आणि खाली फडकं घालायचं, कारण हे तेल रंग खातं. "आणि सगळ्यात आधी पाहायचं का लिव्हर मोकळा आहे," ते बोट वर करून म्हणाले. "जरासा जरी दाबलेला राहिला ना, तेल वापस जायचा रस्ता बंद. मग तू त्याच्यावर उभी राहा, पिस्टन हलणार नाही. किती पोरांना मी हे शिकवलं असेल." मी मान डोलावली. मला भूगोल शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, त्यामुळे ऐकण्याची सवय गेली आहे, पण हे ऐकलं.

त्यांनी जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने पिस्टनचा मळ खरवडून काढला. डबीचं झाकण उघडलं. पिस्टन दाबायचा शिकंजा हातात घेतला, आणि आई दारात आली.

"अहो, अवजारं द्या. पूजा दहाच्या आत करायची आहे. दहानंतर चांगलं नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"फोनवर आलं आहे."

इथे दुसरा कोणी असता तर पाच मिनिटं मागून घेतली असती. बाबांनी शिकंज्याकडे पाहिलं, पिस्टनकडे पाहिलं, आणि शिकंजा पुसायला घेतला. एकेक पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, कानस त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसून आईच्या हातात दिली. आईने तोवर आपल्या बाजूची भरती केली होती. विळी, सुऱ्या, सांडशी, कात्री, अडकित्ता, नेलकटर. पाटावर जागा उरली नाही म्हणून दुसरा पाट आणला. मी माझा लाल पेन आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नेऊन ठेवला. त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावता येणार नाही याचं मला दुःख झालं नाही.

घरातली पूजा झाल्यावर गाडीची पूजा. आईने दिव्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. कॅलिपर तारेला लटकलेलाच होता, त्यालाही तिने हळदीचं बोट लावलं. झेंडूचा हार बाबांनी बांधला. आदल्या वर्षी हार सुटून चाकात गेला होता, म्हणून या वेळी त्यांनी हँडलभोवती दोऱ्याचे दोन वेढे घेतले, आवळले आणि गाठ मारली. मग आम्ही तिघांनी गाडीला हात जोडले.

दुपारी दादाचा फोन आला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत पोहोचणार होता आणि गढ्याचा माणूस दहा वाजता येणार होता. बाबांनी हिशेब मांडला. दसऱ्याची पूजा नऊच्या आधी काही होत नाही. तिथून पॅड बसवायला आणि बोल्ट आवळायला अर्धा तास, गाडी चालवून दाखवायला अर्धा तास. म्हणजे पिस्टन आजच आत गेला पाहिजे.

"पण शिकंजा तर पूजेत आहे," मी म्हणाले.

"हात तर नाही ठेवले ना पूजेत," बाबा म्हणाले. "अंगठ्यानं जाते तो. शिकंजा तर नवशिक्यांसाठी असते."

आम्ही पुन्हा बसलो. पिस्टनवर जुना पॅड आडवा धरून बाबांनी दोन्ही अंगठे टेकवले आणि दाबलं. काही झालं नाही. त्यांनी बैठक बदलली, श्वास आत घेतला आणि पुन्हा दाबलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. पिस्टन होता तिथेच होता.

"तू दाबून पाहा," ते म्हणाले.

मी पाहिलं. माझे अंगठे पांढरे पडले. पिस्टनला मी आहे याची खबरही लागली नाही.

"जंग असेल आत," बाबा म्हणाले, आणि आम्ही पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा टूथब्रश असं केलं. मग बाबांनी लाकडाचा ठोकळा घेतला आणि दोघांनी मिळून दाबलं. आई लाटणं घेऊन आली, कारण ते लाकडाचं असल्याने पूजेत नव्हतं, पण वापर काय करायचा हे ऐकल्यावर ते घेऊन परत गेली. थोड्या वेळाने ती हात पुसत पुन्हा आली आणि आम्ही तिघांनी दाबलं. बाटलीच्या झाकणाएवढ्या एका वस्तूवर तीन माणसांचे सहा अंगठे मावत नाहीत, हे त्या वेळी लक्षात आलं. शेजारच्या दीदींनी भिंतीवरून पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या.

चार वाजले, साडेचार वाजले. आई आत गेली. बाबा पाठीमागे भिंतीला टेकून बसले आणि स्वतःचे अंगठे पाहू लागले. एक उलटा करून पाहिला, मग दुसरा. ते लाल झाले होते. इतका वेळ जोर लावल्यावर कोणाचेही होतील, माझेही झाले होते, पण मी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दम नाही राहिला," बाबा म्हणाले.

चेष्टा नव्हती, तक्रारही नव्हती. पान्याचा नंबर सांगावा त्या सुरात ते बोलले होते. मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं आणि मला रडू यायला लागलं. म्हणून मी रागावले. "काहीतरीच काय, बाबा. पिस्टन अडकला आहे. गाडी जुनी आहे. आता तुमच्या अंगठ्यांचा काय संबंध?"

"तेल पाह्य बरं," ते म्हणाले. "मी दाबतो. डबीतलं तेल वर येऊन राहिलं का?"

मी उठून हँडलवरच्या डबीत डोकावले. "नाही."

"हलते तरी?"

"बिलकूल नाही."

बाबा दाबायचे थांबले. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले आणि गाडीच्या या बाजूला आले. डबी पाहिली. डबीखालून लिव्हरकडे नजर नेली. झेंडूचा हार ताजा होता, टवटवीत होता, आणि त्याच्या दोऱ्याचे दोन वेढे हँडलच्या मुठीबरोबर ब्रेकच्या लिव्हरलाही घेऊन पक्के आवळलेले होते. लिव्हर पाव इंच आत ओढला गेला होता. तेल वापस जायचा रस्ता बंद होता.

"हा हार कोणी बांधला?" बाबांनी विचारलं.

दारातून आई म्हणाली, "काहून? तुम्हीच तर बांधला ना. मी म्हणून राहिली होती, ढिला बांधा."

बाबा गाठ सोडायला गेले, तर ती त्यांचीच होती, सुटणारी नव्हती. कात्री पूजेत, सुरी पूजेत, नेलकटर पूजेत. बाबांचे दात नकली आहेत, म्हणून मी हँडलवर वाकून दोरा दाताने तोडला. झेंडूची चव आठवडाभर जिभेवर राहिली असं मी नंतर लोकांना सांगत असे, पण ते खोटं आहे, चूळ भरल्यावर गेली.

लिव्हर टक् करून बाहेर आला. बाबा पुन्हा बसले, एका हाताचा अंगठा पिस्टनवर टेकवला आणि तो आत गेला, कणकेच्या गोळ्यात बोट जावं इतक्या सहज. डबीतलं तेल वर आलं, काठाशी थांबलं. अख्खी दुपार घालवलेलं काम मोजून चार सेकंदांत झालं.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. बाबांनी डबीचं झाकण लावलं, फडकं घडी करून ठेवलं आणि हात धुवायला गेले. मी मागोमाग गेले.

"बाबा, कोणाच्याच लक्षात आलं नसतं ते."

"माझ्या यायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि साबण जागेवर ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा वेळेवर झाली. अवजारं उठली. दादा बॅग खांद्यावर घेऊन आला तेव्हा बाबा शेवटचा बोल्ट आवळत होते. दादाने वाकून नमस्कार केला, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि झिजलेला पॅड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. दादा हट्टी आहे, पण बेइमान नाही. बोटाच्या टोकाने त्याने पॅडचं उघडं पडलेलं लोखंड चाचपलं आणि म्हणाला, "मान लिया, बाबा. ब्रेकच होता. मी त्याला नको म्हणून सांगतो." खिशातून फोनही काढला.

बाबा जिंकले होते. करार होता, साक्षीदार होते, पुरावा दादाच्या हातात होता. मी आईकडे पाहिलं, आई माझ्याकडे पाहून हसली.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "चक्कर मारून येतो. मग कर फोन." आणि माझ्याकडे वळून, "चल, बैस."

लिव्हर चार-पाच वेळा दाबून त्यांनी ब्रेकचा दाब आणला. गाडी कॉलनीतून निघाली. दसऱ्याचा दिवस, दुकानांवर आंब्याची तोरणं, धुतलेल्या ट्रकांवर झेंडू. बाबा हळू चालवत होते आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावून पाहत होते. गाडी दर वेळी जिथल्या तिथे थांबत होती. अधारतालच्या चौकात आलो तेव्हा समोर एक ऑटो आडवा आला. बाबांनी ब्रेक दाबला आणि आम्ही त्याच्यापासून चांगले दोन हात अलीकडे थांबलो. मला फार आनंद झाला. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पुढे पाहतच विचारलं, "त्या दिवशी माझा हात ब्रेकवर होता?"

"होता," मी म्हणाले.

"तुला दिसला?"

"हो ना. दिसला म्हणूनच तर सांगते."

"किती बोटं होती?"

मी अडखळले. "दोन."

"मी चार बोटांनी दाबतो," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

बाजूने एक बस गेली, धूळ उडाली, ती खाली बसली.

"नव्हता हात," ते म्हणाले. "ठेला दिसून राहिला होता मला. दुधी दिसून राहिले होते. थांबायचं आहे हेही माहीत होतं. पण थांबायसाठी काय करायचं, तेच आठवलं नाही. इतकं मोठं काहीतरी असते ना, तसं नाही. छोटंसंच. एक सेकंद." मग म्हणाले, "काल पॅड घिसलेला निघाला ना, तेव्हा मला वाटलं, चलो, वाचलो. खूप खूश झालो मी. मग तो हार निघाला."

"बाबा, हार तर कोणीही..."

"कोणीही नाही बांधला. मी बांधला. सकाळी तुला शिकवलं, आणि तासाभरात मीच बांधला." ते वळून माझ्याकडे पाहत होते. "त्या दिवशी ठेला होता. शाळा सुटलेली असती तर? आणि मागे तू बसली होती."

मला तेव्हा खरी भीती वाटली. ठेल्याच्या वेळी वाटली नव्हती इतकी. आणि लाजही वाटली, की त्यांनी जे एकट्याने महिनाभर डोक्यात बाळगलं ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं आणि मी दुधीची भाजी खात बसले होते. मी म्हणाले, "मी पाहिलं होतं, बाबा. मुद्दाम नाही सांगितलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "खोटं बोलायची तुला सवय नाही. दोन बोटं म्हणे."

घरी परत येताना तेच चालवत होते. अगदी सावकाश, डाव्या कडेने. मी मागे त्यांचा शर्ट धरून बसले होते आणि सगळा रस्ता त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते. चारही बोटं लिव्हरवर होती, घरापर्यंत.

गढ्याचा माणूस वेळेच्या आधीच आला होता आणि पोर्चमध्ये दादाजवळ अवघडून बसला होता, कारण दादाने त्याला गाडी विकायची नाही असं नुकतंच सांगितलं होतं. बाबा गाडीवरून उतरले, स्टँड लावला, किल्ली काढली आणि ती सरळ त्या माणसाच्या हातात दिली. दादा म्हणाला, "बाबा, अहो, आपलं तर ठरलं होतं..." बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"अंकल, ब्रेक कैसा है?" त्या माणसाने विचारलं. बाप आणि लेक यांच्यामध्ये काय चाललं आहे हे न कळून त्याने आपलं विचारायचं ते विचारलं.

"एकदम बढ़िया," बाबा म्हणाले. "कल ही बनाया है. नए पैड हैं. पहले दो दिन ज़रा आराम से चलाना." मग त्यांनी त्याला डबी कुठे आहे, तेल कधी बदलायचं, कॅलिपर दर सहा महिन्यांनी कसा साफ करायचा हे सगळं सांगितलं. तो माणूस "जी, जी" म्हणत राहिला. त्याला मुहूर्त गाठायचा होता. बाबांचं संपेना. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या आता त्याला."

तो निघाला तेव्हा आम्ही चौघं फाटकाशी उभे होतो. दादा माझ्याकडे पाहत होता, काय झालं ते विचारायला, आणि मी पाहत नव्हते. बाबांनी फाटकाचा गज उजव्या हाताने धरला होता. गाडी गल्लीच्या टोकाशी पोहोचली. तिथे एक गाय उभी असते, त्या दिवशीही होती. बाबांची चारही बोटं गजावर आवळली गेली. मागचा लाल दिवा पेटला, गाडी गायीच्या अलीकडे नीट थांबली, मग बाजूने निघून गेली.

"लागला," बाबा म्हणाले.

त्यांची बोटं गजावर तशीच होती. मी ती एकेक करून सोडवली आणि त्यांना आत घेऊन गेले.